पोर्चकडचं दार बदलण्याआधी

मिशिगन-मिनेसोटाकडच्या जुन्या घरांना पुढे बंद पोर्च असतो, पण त्यात हीटिंग नसतं. जानेवारीत तिथली थंडी जवळपास बाहेरइतकीच. तरीही पोर्च आणि हॉलच्या मधे कित्येक घरांत खोलीला लावतात तसलं पोकळ दार दिसतं. मग घरातली ऊब तर जातेच, शिवाय कुकरची वाफ फटीतून पोर्चमध्ये शिरते आणि तिथल्या काचांवर बर्फ धरतं. म्हणून दुकानात 'बाहेरचं दार'च मागा: पावणेदोन इंच जाड, आत फोम भरलेलं, स्टीलचं किंवा फायबरग्लासचं.

ऑर्डर देण्याआधी मापं घ्या, आणि ती घाईत घेऊ नका. आतल्या बाजूच्या लाकडी पट्ट्या अलगद काढल्या की भिंतीतली मूळ मोकळी जागा दिसते. रुंदी वर, मधे आणि खाली मोजा. सर्वांत कमी येईल ती धरा. चौकटीसकट येणाऱ्या ३६ बाय ८० इंची दाराला साधारण ३८ बाय साडेब्याऐंशी इंच जागा लागते. दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे जागा काटकोनात आहे की नाही ते कळेल. भिंतीची जाडीही लिहून घ्या, कारण चौकट तेवढी खोल हवी. जुनी चौकट ओळंब्यात आणि धडधाकट असेल तर नुसता पल्ला बदलून भागतं, पण फटी चौकटीच्याच असतील तर तो खर्च वाया जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ उंबरठ्याला द्यावा. जुना उंबरठा निघाला की खालचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा; मऊ लागलं तर ते आधी बदलायचं. पोर्चमध्ये बुटांवरून वितळलेलं बर्फाचं पाणी साचतं, ते आत येऊ नये म्हणून खाली सिल पॅन (उंबरठ्याखाली बसवायचा, पाणी अडवणारा ट्रे) आणि सीलंट हवंच.

घर १९७८ पूर्वीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. आधी तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर रंग कोरडा घासू नका आणि लहान मुलांना, गरोदर बाईला त्या भागात येऊ देऊ नका. परमिट लागतं का, ते गावच्या बिल्डिंग खात्याला फोन करून विचारा.

सामानात लाकडी पाचरी, लांब लेव्हल, बिजागऱ्यांसाठी तीन इंची स्क्रू आणि चौकट-भिंतीमधली फट भरायला फोमचा डबा घ्या. फोम दारं-खिडक्यांसाठीचा, कमी फुगणाराच घ्या. साधा फोम फुगून चौकट आत ढकलतो आणि दार अडकायला लागतं. डबा रात्रभर घरातच ठेवा, गारठला तर फोम नीट सुटत नाही. तोरणासाठी स्टीलच्या दाराला खिळा मारायची गरज नाही, चुंबकाचा हुक बसतो.

दिवस शक्यतो ऑक्टोबरच्या आधीचा, कोरडा निवडा आणि सकाळीच सुरुवात करा. दार जड असतं, तेव्हा मदतीला एक माणूस आधीच सांगून ठेवा. काम अर्धवट राहिलं तर रात्री भोक झाकायला त्या मापाचा प्लायवूड कापून तयार असू द्या, आणि नवं कुलूप आतून-बाहेरून नीट लागेपर्यंत जुनं दार टाकून देऊ नका.