खिशातला म्युझिक प्लेअर पारखताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवा छोटा म्युझिक प्लेअर घेऊन माझ्याकडे येते आणि म्हणते, "जरा बघता का, यात काहीतरी गडबड आहे." बहुतेक फोनांमधून इअरफोनचे भोक गेले आणि आयपॉडही 2022 मध्ये बंद झाला, तरी केवळ गाणी ऐकण्यासाठी वेगळे यंत्र बाळगणारी माणसे संपलेली नाहीत. मी त्यांतलाच एक असल्यामुळे ही तक्रारखोर मंडळी माझ्या दारी येतात. त्यांचे प्लेअर तपासताना असे दिसते की निम्म्याहून अधिक वेळा यंत्र निर्दोष असते. कधी ते चुकीच्या कसोटीवर निवडलेले असते, तर कधी दुसऱ्याच वस्तूचा दोष त्याच्या माथी मारलेला असतो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निदान दोन मी स्वतःही केलेल्या आहेत.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज

ही माझ्या सर्वांत जास्त चिडीची चूक आहे. काही वर्षांपूर्वी पुतण्याबरोबर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने दोन प्लेअर काढले, दोन्हींवर आवाजाचा आकडा 30 ठेवला, आपलेच एक धडाकेबाज गाणे लावले आणि एकच इअरफोन आळीपाळीने दोन्हींना जोडून दिला. पुतण्याने अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "काका, दुसरा किती मोकळा वाजतो!" दुसरा अर्थातच जवळजवळ दुप्पट किमतीचा होता. मी थोडी कुरकुर केली, परंतु उत्साहात असलेल्या विशीतल्या मुलापुढे कुरकुर टिकत नाही, आणि आम्ही तोच घेऊन आलो.

दोन महिन्यांनी त्याच्या मित्राने नेमका तो पहिला, स्वस्त प्लेअर घेतला, तेव्हा मी दोन्ही एका दिवसासाठी मागून घेतले. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 100 हर्ट्झचा एक सलग सूर तयार करून तो दोन्हींवर टाकला, इअरफोन जोडलेला असतानाच त्याच्या पिनेवरचा व्होल्टेज मोजला, आणि दुकानातल्या त्या भारी आवाजाचा उलगडा झाला: 30 या एकाच आकड्यावर महाग प्लेअर स्वस्त प्लेअरपेक्षा सुमारे चौथा हिस्सा जास्त व्होल्टेज देत होता. म्हणजे फरक साधारण दोन डेसिबलचा. एवढा लहान फरक कानाला मोठेपणा म्हणून कळतोच असे नाही. तो "मोकळा", "भरदार", "स्वच्छ" अशा विशेषणांच्या रूपाने जाणवतो आणि दुकानदारांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. दोन्हींचा आवाज समान करून पुतण्याला पाठमोरे बसवले आणि दहा वेळा ओळखायला सांगितले. सहा वेळा बरोबर आले. नाणे उडवूनही तितकेच आले असते. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी फारसे बोलला नाही.

आवाज जुळवण्याची माझी सवय अशी आहे. दोन प्लेअरमधला व्होल्टेजचा फरक दोन टक्क्यांच्या आत आल्याशिवाय मी तुलनेला सुरुवात करत नाही. प्लेअरच्या आवाजाच्या पायऱ्या इतक्या बारीक नसतात, म्हणून उरलेला फरक मी चाचणीच्या फाइलचाच आवाज ऑडॅसिटीत कमी करून मिटवतो. यासाठी बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळणारा पिवळा मल्टिमीटर चालत नाही, कारण त्याची एसीची सर्वांत लहान पट्टी 200 व्होल्टची असते आणि इथे मोजायचे असतात मिलिव्होल्ट. सूरही 100 हर्ट्झच्या आसपासचाच घ्यावा, कारण साधे मीटर घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वरच्या सुरांवर चुकीचे आकडे दाखवू शकतात. एवढा खटाटोप ज्यांना नको असेल त्यांनी दोन प्लेअरची तुलनाच करू नये. एक घ्यावा आणि सुखाने ऐकावा, हे मी मनापासून सांगतो.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. सीडीचे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ हे प्रमाण सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा सुमारे 96 डेसिबलचा पल्ला आणि 22 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर सामावून घेते, आणि माणसाचा कान तरुणपणी फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत जातो. 32 बिट आणि 384 किलोहर्ट्झ छापलेले खोके पाहून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने तो प्लेअर सकाळी 8:40 च्या लोकलच्या गर्दीत, दारातल्या वाऱ्यात एकदा ऐकावा.

कार्डाचा दोष प्लेअरच्या माथी

ही माझी स्वतःची फजिती आहे. मी एकदा प्लेअरबरोबरच 128 जीबीचे एक मेमरी कार्ड घेतले, निम्म्याहून कमी किमतीला मिळाले म्हणून खूश झालो, आणि पहिल्याच रात्री सगळा संग्रह त्यावर ओतला. कॉपी पूर्ण झाली, एकही चूक दाखवली गेली नाही, प्लेअरवर सगळ्या फाइलींची नावे व्यवस्थित दिसली. पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी मी यादीच्या खालच्या भागातले एक गाणे लावले, तर दोन सेकंद खरखर झाली आणि प्लेअर बंद पडला. पुढचे गाणे लावले तर शून्य मिनिटे, शून्य सेकंद. मी निष्कर्ष काढला की प्लेअर सदोष आहे, तो बदलून आणला, आणि नव्या प्लेअरनेही तेच केले. तोही परत द्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला अजून आठवते.

दोष कार्डाचा होता. अशा नकली कार्डात खरी जागा 8 किंवा 16 जीबीच असते, पण आतला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, संगणकाला 128 सांगतो. खरी जागा संपल्यावर जे लिहिले जाते ते एकतर हवेत जाते किंवा आधीच्या मजकुरावर बसते. फाइलींच्या नावांचा तक्ता कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे तो बहुधा शाबूत राहतो, म्हणून यादी पूर्ण दिसते आणि आत गाणे नसते. कॉपी करताना संगणक लिहिलेले पुन्हा वाचून पाहत नाही, त्यामुळे त्यालाही पत्ता लागत नाही.

तेव्हापासून कोणतेही कार्ड, कितीही नावाजलेल्या दुकानातले असो, मी आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या लहानशा प्रोग्रॅमने तोंडोतोंड भरून पुन्हा वाचून घेतो. लिनक्स किंवा मॅकवर एफ-थ्री हेच काम करते. सेकंदाला 20 एमबी या वेगाने 128 जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात आणि वाचायला आणखी वेळ जातो, आणि नवशिक्या मंडळींची सहनशक्ती नेमकी इथे संपते. घाई तरी कशासाठी असते हे मला कळत नाही. 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे 2.4 एमबी लागतात, म्हणजे 128 जीबीमध्ये रात्रंदिवस वाजवली तरी 37 दिवस पुरतील इतकी गाणी मावतात. ती सगळी पहिल्याच रात्री भरण्याने काय साधते? मी नव्या प्लेअरवर पहिला आठवडा शंभराच्या आत फाइली ठेवतो. काही बिघडले तर कारण शोधायला जागा थोडी राहते.

याच विषयातली आणखी एक अडचण म्हणजे 64 जीबी आणि त्यापुढची कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि काही जुन्या किंवा स्वस्त प्लेअरना फक्त फॅट-32 ही जुनी पद्धत वाचता येते. "प्लेअर कार्ड ओळखत नाही" या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

दुसऱ्या अध्यायाआधी दहावा

आईला सकाळी ज्ञानेश्वरी ऐकायची असते म्हणून तिला एक साधा, मोठ्या बटणांचा प्लेअर दिला होता. अठरा अध्यायांच्या अठरा फाइली मी घाईघाईने "अध्याय 1", "अध्याय 2" अशा नावांनी टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, पहिल्यानंतर एकदम दहावा कसा लागला? माउलींनी मधले सांगितलेच नाहीत का?" प्लेअर नावे अक्षर-अक्षर तुलना करून लावत होता, आणि त्या हिशेबाने 1 नंतर 10, 11 असे करत 18 पर्यंत जाऊन मग 2 येतो. नावे 01, 02 अशी केल्यावर प्रश्न सुटला.

काही प्लेअर तर नावाकडेही पाहत नाहीत आणि फाइली ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी फोल्डर रिकामा करून फाइली एकेक करून क्रमाने टाकणे हा माझा उपाय आहे. कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. मॅकवरून कॉपी करणाऱ्यांना प्रत्येक गाणे दोनदा दिसते आणि त्यातले एक वाजत नाही, तेव्हा टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पुसाव्यात.

तंबोरा तुटतो का

जोड न दिसता एक फाइल दुसरीत जाते की नाही, हे परीक्षण करणाऱ्यांच्या यादीत तळाला असते, कारण सुटी सिनेगीते ऐकणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला मात्र रोज पडते. सीडीवर विलंबित आणि द्रुत अशा दोन ट्रॅकमध्ये कापलेला राग घ्या. गवई थांबलेला नसतो, तबला थांबलेला नसतो, आणि तंबोरा तर थांबतच नाही. अशा वेळी अर्ध्या सेकंदाची जरी शांतता आली तरी खोलीतली वीज जाऊन आल्यासारखे वाटते. माझी पहिली चाचणी हीच असते: शेवटची तीस सेकंदे लावायची, डोळे मिटायचे आणि तंबोऱ्याकडे लक्ष ठेवायचे.

इथेही प्लेअरला दोष देण्याआधी थांबावे. एमपीथ्री आवाजाच्या 1152 नमुन्यांच्या ठरावीक तुकड्यांत साठवली जाते आणि शेवटचा तुकडा अपुरा पडला की तो शांततेने भरला जातो, त्यामुळे फाइलीतच थोडी पोकळी असते. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, या भरतीची नोंद फाइलीत ठेवतो आणि चांगला प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतो. म्हणून मी हीच चाचणी आवाजातले काहीही न गाळता साठवणाऱ्या फ्लॅक फाइलींवरही करतो, कारण त्यांत अशी भरती नसते. फ्लॅकवरही तंबोरा तुटला तर मात्र दोष प्लेअरचाच.

याला जोडून एक गोष्ट पाहावी. पन्नास मिनिटांच्या फाइलीत अडतिसाव्या मिनिटाला जायला अंगठा किती वेळ दाबून धरावा लागतो, आणि मध्येच बंद करून उद्या सुरू केले तर प्लेअर तिथूनच सुरू होतो की पुन्हा आलापापासून? दुकानात हे कोणीही तपासत नाही.

बाकीचे पटकन

देवनागरी नावे दुकानातच पाहून घ्यावीत. काही प्लेअर नुसत्या चौकटी दाखवतात, तर काहींना अक्षरे ठाऊक असतात पण जोडणी ठाऊक नसते, आणि मग "विलंबित"चे "वलिंबति" होते. याला घरगुती इलाज नाही. मी अशा प्लेअरवर नावे रोमन लिपीत देतो आणि मनातल्या मनात बनवणाऱ्याचा उद्धार करतो.

बटणे खिशात हात घालून, न पाहता, चालवून पाहावीत. लोकलमध्ये एक हात कडीला असतो, आणि पावसाळ्यात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. 2009 सालचा सॅनडिस्कचा क्लिप प्लस मी अजून सांभाळून ठेवला आहे तो त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या बटणांसाठी.

एफएम लागत नाही म्हणणाऱ्याने आधी वायरचा इअरफोन जोडावा, कारण ती वायरच अँटेना असते.

बरोबर आलेल्या इअरफोनवर प्लेअरची परीक्षा करू नये.

गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत जाणे ही चूक कानाला महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. आधी कानात नीट बसणाऱ्या रबरी टोप्या शोधाव्यात. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज आपोआप चार-पाच पायऱ्या खाली येतो, आणि प्लेअर "ताकदीला कमी पडतो" ही तक्रारही बहुधा तिथेच मिटते.

राहता राहिली बॅटरी. खोक्यावरचे तास सहसा हलक्या एमपीथ्रीवर, पडदा बंद ठेवून आणि मध्यम आवाजात मोजलेले असतात. ब्लूटूथ लावले, पडदा उजळला आणि मोठ्या फ्लॅक फाइली वाजवल्या की ते भराभर घटतात. मी रविवारी रात्री पूर्ण चार्ज करतो, आठवडाभर नेहमीसारखा वापरतो आणि प्लेअर कोणत्या स्टेशनावर मान टाकतो ते कागदावर लिहून ठेवतो. त्याशिवाय एक शनिवार-रविवार तो नुसता पॉझ करून कपाटात ठेवतो. सोमवारी सकाळी निम्मी बॅटरी गेलेली दिसली तर बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत, खोके आणि पावतीसह, तो परत जातो.