गोव्यात हार्प आणि रशियन रचना : आधी तारा, मग पेडल, मग बोटं

रशियन हार्पवादन नाट्यगृहात वाढलं. मूळचा बर्लिनचा आल्बर्ट झाबेल सेंट पीटर्सबर्गच्या शाही बॅलेत वाजवायचा आणि तिथल्या कॉन्झर्वेटरीत शिकवायचा. त्याची शिष्या येकातेरिना वाल्टर-क्यूने, तिची क्सेनिया एर्देली, एर्देलीची वेरा दुलोवा. या शेवटच्या दोघी बोल्शोई थिएटरच्या. साहजिकच रशियन रचनांमध्ये पेडल (एकेका स्वराच्या सगळ्या तारा अर्धा स्वर वर-खाली करणारी, पायानं चालवायची पट्टी) झटपट बदलता येणं गृहीत धरलेलं असतं. पण गोव्यात त्याआधी तारा सांभाळाव्या लागतात.

मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. खालच्या बहुधा १२ धातूच्या, मधल्या आतड्याच्या, वरच्या पुष्कळदा नायलॉनच्या. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. पावसाळ्यात ती सहज ८०च्या वर जाते. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण सततच्या चढउतारानं आतड्याच्या तारा तुटतात आणि तबलीवरही (तारा जिला खालून जोडलेल्या असतात ती लाकडी फळी) ताण येतो. आर्द्रतामापक भिंतीला लावा आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवा. समुद्राजवळ राहत असाल तर वाजवून झाल्यावर धातूच्या तारा कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर गंज चढतो.

नवी तार तबलीच्या आतून वर ओढायची. खालच्या गाठीत जुन्या जाड तारेचा छोटा तुकडा अडकवा, नाहीतर ताण पडताच गाठ भोकातून निसटते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. कमी घेतले तर तार सरकते, जास्त घेतले तर वेढे एकमेकांवर चढतात. पहिल्याच दिवशी पूर्ण सुरात ताणू नका, थोडी थोडी वर न्या. नंतरचे काही दिवस ती उतरतच राहणार.

सूर लावताना सातही पेडल वर, म्हणजे फ्लॅटमध्ये (मूळ स्वरापेक्षा अर्धा स्वर खाली) ठेवा. ट्यूनरवर लाल तार (सी) ‘बी’ दाखवेल आणि काळी किंवा निळी (एफ) ‘ई’ दाखवेल. हे बरोबरच आहे, वाद्य सी-फ्लॅट मेजरमध्ये लागतं. मधला सप्तक आधी, मग वरचे-खालचे, आणि शेवटी मधला पुन्हा तपासा, कारण बाकीच्या तारांच्या ताणानं तो सरकलेला असतो.

आता पेडल. डाव्या पायाकडे डी, सी, बी. उजव्या पायाकडे ई, एफ, जी, ए. कागदावर उभी रेघ मारून डावीकडे तीन, उजवीकडे चार खुणा करायच्या. वरची खूण फ्लॅट, मधली नॅचरल (मूळ स्वर), खालची शार्प (अर्धा स्वर वर). चायकॉव्स्कीच्या १८९२च्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमधल्या फुलांच्या वॉल्ट्झची सुरुवात बघा. डी मेजर, म्हणून सी आणि एफ शार्प, बाकी नॅचरल. सुरुवातीचा एकट्या हार्पचा भाग मुख्यतः ए, सी-शार्प, ई, जी या स्वरांवर फिरतो. आधी हात न लावता फक्त पायांचा सराव करा. पेडल खाचेत नीट बसलं नाही तर तार झणझणते, आणि दोष उगीच तारेवर जातो.

बॅलेच्या वाद्यवृंदात उपयोगी पडणारी एक युक्ती : डी नॅचरल, सी फ्लॅट, बी नॅचरल, ई शार्प, एफ नॅचरल, जी शार्प, ए फ्लॅट. काही शेजारच्या तारा आता जोडीनं एकच स्वर देतात, म्हणून सातही तारांवर बोट ओढलं तरी बी, डी, एफ आणि ए-फ्लॅट एवढेच स्वर ऐकू येतात. झाकोळलेला, नाट्यमय आवाज हवा असेल तेव्हा वापरा.

करंगळी कुठेच वापरायची नाही, दोन्ही हातांची चार-चारच बोटं. पियानोवरून आलेल्यांची इथे हमखास गडबड होते. वाजवलेलं बोट तळव्याकडे मिटू द्या, हवेत उचलू नका. आवाज पातळ येतो तो बहुतेक यामुळेच.

हे सगळं बसलं की संगीतकार ग्लिएरचा १९३८चा कॉन्चेर्टो (हार्प आणि वाद्यवृंदासाठीची रचना) घ्या. सुरुवात ई-फ्लॅट मेजरमध्ये : बी, ई, ए फ्लॅट, बाकी नॅचरल. ग्लिएरनं तो लिहिताना एर्देलीचा इतका सल्ला घेतला की तिला सहलेखिका म्हणून नाव द्यायची तयारी दाखवली. तिनं नकार दिला, म्हणून छापील प्रतीवर संपादक म्हणून तिचं नाव आहे. तिनं दिलेल्या खुणा कठीण वाटल्या तरी आधी तशाच वाजवून पाहा.