एचआयव्हीची टेस्ट: घाई कुठे करायची, थांबायचं कुठे

“मॅडम, परवाचीच गोष्ट आहे. आज रक्त घ्या, म्हणजे सुटलो.” अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरचा कामगार असो की कॉलेजचा पोरगा, सोलापुरात समुपदेशकाच्या खुर्चीवर मी हेच ऐकते. गोष्ट म्हणजे कंडोमशिवाय आलेला संबंध. आजच्या रक्तात परवाच्या संसर्गाचं काही दिसत नाही, दिसलं तर आधीचंच.

परवाचीच गोष्ट असेल तर घाई गोळ्यांची करा. पेपचा (धोका घडून गेल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायच्या गोळ्यांचा) पहिला डोस ७२ तासांच्या आत, जितका लवकर तितका बरा. कोर्स २८ दिवसांचा. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग गाठा. सोमवारची ओपीडी धरून बसू नका.

आता टेस्ट. बोट टोचून होणारी रॅपिड टेस्ट अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते आणि त्या तयार व्हायला साधारण ३ ते १२ आठवडे लागतात. शिरेतल्या रक्तावरची चौथ्या पिढीची लॅब टेस्ट पी२४ अँटिजेनही (खुद्द विषाणूचं प्रथिन) पकडते, त्यामुळे ४५ दिवसांनंतरची निगेटिव्ह बऱ्यापैकी पक्की. रॅपिड असेल तर ९० दिवस थांबा. पेप घेतलं असेल तर दिवस कोर्स संपल्यावर मोजायचे. तोवर कंडोम वापरा, रक्तदान नको. (फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात जाणारे महाभाग आहेत. कृपा करून नको.)

पट्टीवर दुसरी रेघ पुसट उमटली तरी तो निकाल नव्हे. वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करूनच आम्ही पॉझिटिव्ह सांगतो.

आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र) तपासणी मोफत, नाव गुप्त. यायची लाज वाटत असेल तर आधी एड्स हेल्पलाइनचा १०९७ लावा.