खडकाळ जमिनीवर उतरणारी बुश विमानं: टायरच्या बाबतीत या चुका टाळा

अलास्काच्या बऱ्याचशा भागात रस्ताच पोहोचत नाही. त्यामुळे पायपर सुपर कब, सेस्ना १८५ अशी छोटी बुश विमानं, म्हणजे धावपट्टीशिवाय रानावनात उतरणारी विमानं, नदीपात्रातल्या गोट्यांवर, डोंगराच्या सोंडेवर, टुंड्रावर उतरतात. त्यांचे २९, ३१, अगदी ३५ इंची गुबगुबीत टायर पाहिले की वाटतं, यांना काय होणार? होतं. आणि माझ्या मते त्यात दगडापेक्षा हाताळणीचा दोष मोठा असतो.

हवेचा अंदाज चुकणं

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असते. या मोठ्या टायरमध्ये ती दहाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी ठेवतात. सैल टायर गोट्याभोवती दबतो आणि धक्का पसरवतो. पंक्चरच्या भीतीने हवा वाढवली, तर टायर दगडावर उसळतो, सगळा मार एकाच जागी बसतो आणि उरलेला धक्का लँडिंग गिअरला, म्हणजे चाकं धरणाऱ्या सांगाड्याला, जातो.

दुसरं टोकही वाईट. हवा फारच कमी असेल तर दगड टायरला थेट रिमपर्यंत दाबतो. टायर मधल्यामध्ये चिरडतो, रिमची कड वाकते. ट्यूबचा टायर असेल तर आणखी एक धोका: ब्रेक लागताच टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. म्हणून रिम आणि टायर दोन्हींवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर दिसले नाहीत, तर टायर सरकलाय; चाक उघडून पाहिल्याशिवाय उडू नका. अलास्कन बुशव्हील प्रकारच्या टायरमध्ये ट्यूब नसते आणि व्हॉल्व्ह टायरच्या बाजूच्या भिंतीत असतो, त्यामुळे हा त्रास टळतो.

थंडीचा हिशेबही धरा. २० अंश सेल्सिअसला भरलेली १० पीएसआय हवा शून्य अंशाला साधारण सव्वाआठच उरते. कारच्या टायरला तेवढ्याने फारसा फरक पडत नाही, इथे पडतो. उंचीवर उलटं होतं: ५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे अडीच पीएसआयने कमी असतो, म्हणून टायर तेवढा जास्त ताठ होतो. जिथे उतरायचं, तिथल्या हवामानाचा आणि उंचीचा विचार करून हवा भरा. साधा गेज इतका कमी दाब नीट दाखवत नाही. कमी दाबासाठीचा गेज वेगळा घ्या.

ब्रेक दाबून धरणं आणि जागच्या जागी वळणं

चाक अडकवून विमान गोट्यांवरून घसरवलं की टायरचा एकच भाग घासत जातो. एका बाजूचा ब्रेक धरून गर्रकन वळवलं, तर अडकलेलं चाक धारदार दगडावर पिळून निघतं. वळण मोठं घ्या. ब्रेकवर भार नको असेल तर मुळात वेग कमी ठेवून उतरा: वेग १० टक्के कमी झाला की जिरवावी लागणारी ऊर्जा १९ टक्के कमी होते. वाऱ्याच्या तोंडाला उतरण्याचा फायदा इथेच मिळतो.

वरून पाहून समाधान मानणं

नदीने घासलेले गोल गोटे आणि नुकत्याच फुटलेल्या कड्याचे तुकडे वरून सारखेच दिसतात. टायर कापतात ते दुसरे. पुराने आणलेले ओंडके, विलो झुडपांचे तुटके खुंटही तसेच. उतरल्यावर, परत उडण्याआधी, पट्टी पायी चाला आणि टोकदार दगड बाजूला करा. खडीवर उभं राहून इंजिनचा जोर तपासू नका. पंखा दगड ओढून घेतो.

डांबरावर मऊ टायर झिजवणं

हे टायर महाग असतात आणि डांबरावर भराभर झिजतात. अलास्कातल्या अँकरेज शहराच्या मेरिल फील्ड विमानतळावर डांबरी धावपट्ट्यांसोबत खडीची पट्टीही आहे. असा पर्याय असेल तर तोच निवडा. तेल, पेट्रोल रबरावर सांडलं तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. उभ्या विमानाचे टायर उन्हापासून झाका.

शेपटीचं चाक विसरणं

पुढची चाकं जाड केली की सगळे निश्चिंत होतात. शेपटीचं लहान चाक मात्र प्रत्येक गोट्यावर आपटत असतं. त्याचा टायर, फोर्क आणि स्प्रिंग प्रत्येक लँडिंगनंतर हात लावून तपासा. पंप आणि पंक्चरचं सामान विमानातच ठेवा.