तेल न पिणारे डोनट

मैदा मळता येतो असं धरून चालते. पाव किलो मैदा, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 30 ग्रॅम साखर, पाऊण चमचा मीठ, एक अंडं आणि 125 मिली कोमट दूध एकत्र मळा. मग 30 ग्रॅम मऊ लोणी घालून दहा मिनिटं तिंबा. हाताला जरा चिकटलं म्हणून वरून मैदा भुरभुरू नका. संकष्टी असेल तर अंडं वगळा आणि तीन मोठे चमचे दूध वाढवा. झाकून दुप्पट फुगू द्या. पुण्यात मे महिन्यात तासाभरात होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात. एक सेंटीमीटर जाड लाटा, वाटीनं गोल कापा, बाटलीच्या झाकणानं मधलं भोक पाडा.

इथवर सहसा कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते यानंतर, कापलेले डोनट दुसऱ्यांदा फुगताना.

'पुन्हा दुप्पट होईपर्यंत ठेवा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी ऐकलं होतं. ताटात ते कापसासारखे दिसत होते, कढईत पडले आणि बसले. वर सुरकुत्या, आत तेल. टिश्यूवर दाबले तर टिश्यू पारदर्शक! दीडपट पुरे. घड्याळही बघू नका, कडेला बोट हलकेच दाबा. खळगा लगेच भरला तर अजून थांबा. हळूहळू अर्धाच भरला की त्याच क्षणी तळायला घ्या. खळगा तसाच राहिला तर उशीर झालाय. तेव्हा नशिबावर न सोडता पीठ गोळा करून पुन्हा लाटा; थोडं आंबूस लागेल, पण तेल पिणार नाही. म्हणून तेलही आधीच तापत ठेवायचं, डोनट तेलासाठी ताटकळत नाहीत.

दुसरी चूक उचलण्यात होते. फुगलेला डोनट बोटांनी उचललात की तो लांबट होतो आणि हवा जाते. माझी पहिली खेप अशीच अंडाकृती झाली. आता मी प्रत्येक डोनट कापल्या कापल्या बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनावर ठेवते आणि कागदासकट तेलात सोडते. काही सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्यानं काढायचा. मेणकागद मात्र नको, मेण तेलात उतरतं.

तेल 175 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर भोकातून निघालेली गोळी टाका: ती बुडबुड्यांसकट वर येऊन मिनिटभरात सोनेरी व्हायला हवी. लगेच काळपट झाली तर आच कमी करा. पुरीची सवय इथे घात करते, झाऱ्यानं दाबायचं नाही आणि तेल उडवायचं नाही. एका वेळी दोन-तीनच सोडा, नाहीतर तेल थंड होतं. एका बाजूनं मिनिटभर, मग उलटा. कमरेभोवती फिकट पट्टा दिसला तर समजा, फुगणं बरोबर जमलं.

निथळून कोमट असतानाच साखर आणि जायफळाच्या पुडीत घोळवा. चकाकी हवी असेल तर पिठीसाखरेत जेमतेम दूध घालून त्यात बुडवा. हे आठ-नऊ होतात; सगळे त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा पाव होतो.