गावात शौचालय बांधताय? या चुका टाळा

मार्च आला की फोन सुरू होतात. "दादा, आठ दिवसांत वीस शौचालयं उभी करायची आहेत, नाहीतर पैसे परत जातील. एक-दोन गवंडी सांगा." कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतल्या गावांत मी बरीच वर्षं हे काम करतोय. अशा घाईत बांधलेली शौचालयं पुढे सरपण आणि शेणी ठेवायच्या खोल्या झालेली मी पाहिली आहेत. गवंडी मी सांगतो, पण आधी विचारतो, ही वीस घरं ठरवली कोणी?

ग्रामसभेत बसून यादी करू नका. सभेला जो येतो त्याचं नाव चढतं. जंगलातल्या गवळी धनगरांच्या वाड्यावरून माणूस दुपारच्या सभेला येणार कसा? गोव्याला कामाला गेलेलं कुटुंब गणपतीलाच गावात दिसतं. त्यात "तुमचं कार्ड एपीएल आहे, तुम्हाला मिळत नाही" म्हणून लोकांना दारातून परत पाठवतात. हे साफ चूक आहे. स्वच्छ भारत मिशनचं १२,००० रुपयांचं अनुदान बीपीएल घरांना आहेच. पण एपीएलमधल्या, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्या घरांमधल्या, अनुसूचित जाती-जमाती, अल्प आणि अत्यल्प भूधारक, राहतं घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि बाई कुटुंबप्रमुख असलेली घरं, यांनाही त्यात धरलेलं आहे.

मी संध्याकाळी दारोदार फिरतो आणि सुरुवात गावाच्या शेवटच्या घरापासून करतो. अर्ज कन्नडमध्ये असतो, म्हणून अंगठा घेण्याआधी तो मराठीत वाचून दाखवतो आणि एक झेरॉक्स त्या घरात ठेवतो. अनुदान हाती येतं ते बहुतेक वेळा काम झाल्यावर. तोवर सिमेंट-विटांचे पैसे आणायचे कुठून? म्हणून बचत गटातल्या बायकांना घेऊन दुकानदाराशी उधारीचं बोलणं आधीच करून ठेवतो.

पायऱ्यांचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. आपल्याकडे पाऊस दांडगा, म्हणून जोतं उंच घेतात, ते बरोबरच आहे. पण मग गवंडी समोर तीन उभ्या पायऱ्या मारतो आणि दार सव्वादोन फुटांचं ठेवतो. एका गावात गुडघे गेलेल्या आज्जींच्या नावावर शौचालय मंजूर झालं. फोटो निघाला, पैसे जमा झाले. महिन्याभराने गेलो तर आज्जी पहाटेच्या अंधारात भिंत धरत परसाकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, वर चढले तर खाली कोण उतरवणार? सून शेतावर जाते." त्यांना आम्ही कुणीच काही विचारलं नव्हतं. ती चूक माझीही होती.

पुढच्या आठवड्यात पायऱ्या फोडल्या. उताराला बारा फुटांत एक फूट चढ लागतो, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांबी. अंगण तेवढं नव्हतं, म्हणून उतार घराच्या भिंतीकडेने वळवून घेतला. दार तीन फुटांचं केलं, बाहेर उघडणारं. आता घरात म्हातारं माणूस, दिव्यांग किंवा गरोदर बाई असली की खुणा मारण्याआधी मी त्यांनाच जागेवर आणतो आणि बसून-उठून बघायला सांगतो. आधाराला हात जिथे टेकतो तिथे कोळशाने रेघ ओढतो. भिंतीतला दांडा त्या रेघेवर बसतो, गवंड्याच्या अंदाजाने नाही.

भांडं तीव्र उताराचं, ग्रामीणच घ्या. ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं, आणि पाण्याची घागर शेवटी बाईच्याच डोक्यावर येते. आतून पक्की कडी, एक खुंटी आणि पाळीच्या कपड्यांसाठी झाकणाचा डबा विसरू नका. चार घरांत मिळून एक शौचालय देऊ नका, साफसफाई एकाच बाईच्या गळ्यात पडते.

सगळ्यांत महागात पडते ती खड्ड्याची चूक. "सेफ्टी टाकी" म्हणून लोक बारा-पंधरा फुटांचा एकच खड्डा खणतात. खोल खणला की पिढ्यांची चिंता मिटली, ही समजूत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात एका घराने मे महिन्यात असाच खणला. तेव्हा तळ कोरडा होता. श्रावणात विहिरी काठाला आल्या आणि खड्डा अंगणात उतू गेला. बोळात मैला उपसायचा टँकर शिरेना. मी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो, तेव्हा कळलं की गावाच्या टोकाच्या वस्तीतल्या एका माणसाला रात्री दोरी-बादली घेऊन बोलावलंय. मी जाऊन अडवलं. मालक म्हणाले, "त्याचा बापही हेच करायचा."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. अशा बंद खड्ड्यात विषारी वायू साठतो, आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. हाताने मैला काढायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या दिवशी लांब पाइपची गाडी शहरातून मागवली.

म्हणून मी दोन उथळ शोषखड्ड्यांशिवाय काम घेत नाही. प्रत्येक चार फूट खोल, मध्ये तीन फुटांचं अंतर, भोकं सोडून रचलेल्या विटा, तळाला माती तशीच, आणि वाय आकाराच्या चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू. पिण्याच्या विहिरीपासून निदान तीस-पस्तीस फूट लांब. तळ आणि भूजल यांत साडेसहा फूट अंतर हवं, आणि ते श्रावणातल्या विहिरीवरून मोजायचं. तेवढं मिळत नसेल तर खड्डा जमिनीच्या वर उचलून घ्या, तळ बंद करा आणि भोवती दीड-दोन फूट वाळू भरा. घाई असणाऱ्यांना यातलं काहीच आवडत नाही.

त्या घरानेही पुढे दोन खड्डे घेतले. पहिला चार वर्षांनी भरला, मग दोन वर्षं झाकून ठेवला. गेल्या उन्हाळ्यात झाकण काढलं तेव्हा आत काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती होती. मालकाच्या मुलाने स्वतः फावडं घेऊन ती काढली आणि परसातल्या केळींना घातली.