मगरीला खाजन बुडवून काय मिळणार? मुलांच्या प्राणीकथेतला खलनायक आणि कथेतली भोकं कशी दुरुस्त करावीत

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी मुलांना माझी नवी गोष्ट वाचून दाखवली. खाजनात, म्हणजे नदीचं खारं पाणी बांधाने अडवून राखलेल्या सखल शेतजमिनीत, राहणारं पाणमांजरांचं कुटुंब आणि त्यांच्या मुळावर उठलेली एक काळीकुट्ट मगर. भर मध्यरात्री, ऐन भरतीला ती मानसातून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत शिरते, बांध फोडते, सगळं खाजन पाण्याखाली घालते. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. पुढे बसलेला एक मुलगा, ज्याचे वडील मानसावर मासे धरतात, शांतपणे म्हणाला, "भरतीला मानस बंद असतं. ती आत आली कुठून?" त्याच्या शेजारची म्हणाली, "आणि मगरीला खाजन बुडवून काय मिळणार? ती तर पाण्यातच असते."

मी सत्तरी तालुक्यातला, जंगलाकडचा. गवा कुठून येईल हे मला कळतं, भरतीचं कळत नाही. मानसाची लाकडी दारं नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात, हे त्या पोराने मला हातांचे दोन तळवे जोडून दाखवलं.

घरी येऊन आधी ठिगळं लावली. मानसाची एक फळी कुजलेली दाखवली, मगरीला पाणमांजरांशी जुनं वैर दिलं. दोन्ही ठिगळं उसवली. मग लक्षात आलं की या दोन चुका वेगळ्या नाहीतच. मगर स्वतःहून काही करतच नव्हती. मला सातव्या प्रकरणात पूर हवा होता, म्हणून मी तिला शेपटीला धरून तिथे नेलं होतं. लेखक असं ओढत नेतो तेव्हा खलनायक पुठ्ठ्याचा वाटतो, आणि ओढत नेल्याच्या खुणा म्हणजेच कथेतली भोकं. दुरुस्ती त्यामुळे खलनायकापासूनच सुरू करायची.

पहिली पायरी : त्याच्या पोटाचं बघा

कागदावर दोन ओळी लिहा. त्याला काय हवंय? आणि ते मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो काय करेल? "जंगलावर राज्य करायचंय" हे उत्तर चालणार नाही. राज्य मिळाल्यावर कोल्हा दिवसभर नेमकं काय करणार?

पंचतंत्रातला दमनक आठवा. मंत्र्याचा मुलगा, पण पद गेलेलं. बैलाच्या हंबरण्याने घाबरलेल्या सिंहाची आणि त्या बैलाची मैत्री तोच घालून देतो, पुन्हा दरबारात वजन यावं म्हणून. मैत्री इतकी जमते की सिंह शिकारच सोडतो आणि त्याच्या मागे जगणारे उपाशी राहतात. मग ती मैत्री तोडायला हाच पुढे होतो. त्याची प्रत्येक चाल आधीच्या चालीतून निघते. कपट आहे, पण त्याचा हिशेब लागतो.

मग मी प्रश्न उलटा केला : बांध फुटला तर कुणाचं भलं होईल? मगरीचं नाही. भलं होईल कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं! दर ओहोटीला मानसाच्या तोंडाशी जाळं लागतं आणि त्यांचा अर्धा गोतावळा त्यात जातो. बांधच नसेल तर मानस नाही, मानस नाही तर जाळं नाही. शिवाय बांध पोखरणं कुर्लीला खरंच जमतं. तिच्या बिळांमधून पाणी झिरपू लागलं की मातीचा बांध आतून पोकळ होतो, हे खाजन कसणारा कुणीही सांगेल. तर खलनायिका ठरली डेंगेआजी, जिची नऊ नातवंडं जाळ्यात गेली आहेत. पाणमांजरांनाही रजा दिली, कारण खारं पाणी आत आल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं बेडकाचं. त्याची कातडी मीठ सोसत नाही. नायक झाला बेबो.

दुसरी पायरी : जात बघून गुन्हेगार ठरवू नका

साप दुष्ट, कोल्हा लबाड, घुबड अशुभ, मगर क्रूर : हे हाताशी असतं म्हणून आपण उचलतो. पण ऐकणारी मुलं कुठली आहेत ते बघा. कुंभारजुवे कालव्यात मगरी खऱ्या आहेत, आणि बोरी-दुर्भाट भागात पौषातल्या अमावास्येला लोक चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला. तिथल्या मुलांच्या लेखी मगर बांधाची राखण करणारी आहे. तिच्याच हातून मी बांध फोडवत होतो आणि वर मुलं घाबरावीत अशी अपेक्षा करत होतो.

याचा अर्थ मगर कधीच वाईट दाखवायची नाही असा नव्हे. एखादी मगर वाईट असू शकते, मात्र तिच्याच कुळातली दुसरी कुणीतरी तिच्या विरोधात उभी राहिलेली दिसली पाहिजे.

तिसरी पायरी : खलनायकाची रोजनिशी लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. छापायची नाही, फक्त आपल्यासाठी. नायक जेव्हा पानावर असतो तेव्हा खलनायक कुठे आहे, काय करतोय, त्याला आतापर्यंत काय काय कळलंय, हे तारखेवार लिहायचं. तारीख आली की भोकं आपोआप दिसतात.

माझंच उदाहरण. पहिल्या खर्ड्यात तिसऱ्या प्रकरणात सकाळी आठला पूर्ण भरती होती, आणि बरोबर आठवड्याने, दहाव्या प्रकरणात, पुन्हा सकाळी आठलाच पूर्ण भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत झाले जवळजवळ सहा तास. म्हणजे त्या सकाळी आठला ओहोटीचा चिखल असायला हवा होता, आणि माझा नायक त्यात पोहत होता.

हाच हिशेब डेंगेआजीच्या हाती दिल्यावर मात्र गोष्ट पळायला लागली. बांध फोडायचा तर ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती निवडणार नाही, उधाणाची वाट बघेल, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा. अष्टमीला तिने पहिलं बीळ पाडलं, तर तिच्या हातात साधारण आठवडा आहे. बेबोला ओल कधी दिसली? एकादशीला. मग त्याच्याकडेही चारच दिवस उरले. "तिने पहिल्याच दिवशी बांध का नाही फोडला?" हा प्रश्न आता कुणी विचारला तर मी आभाळाकडे बोट दाखवीन.

रोजनिशीत आणखी एक रकाना ठेवा : हे त्याला कसं कळलं? प्राणीकथेत निरोप नेहमी एखादा कावळा आणतो. तो कावळा इतका रिकामा का आहे, आणि दोन्ही बाजूंचे निरोप तोच का नेतो, हे ठरवून टाका. धनेशिणीला तर निरोप्या करूच नका. अंडी घालण्याच्या वेळी ती ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. अशी धनेशीण सभेला हजर राहिली तर भोक पडलंच. पण नर सभेत अडकला आणि ढोलीत ती उपाशी, यातून एक अख्खं प्रकरण निघतं.

चौथी पायरी : कोण कुणाला खातं, ते पहिल्या प्रकरणातच सांगा

बोलणाऱ्या प्राण्यांच्या जगातलं हे सगळ्यात मोठं भोक, आणि लेखक हमखास त्यावरून उडी मारून जातो. नायक बोलतो, त्याचा मित्र बगळा बोलतो, मग बगळा जेवतो काय? मासे बोलतात का? बोलत असतील तर प्रेमळ बगळेमामा दिवसाला किती खून करतात?

वाटा आहेत. कवच आणि खवलेवाले मुके ठेवा (मला ही वाट बंद होती, खलनायिकाच कवचवाली). किंवा तह दाखवा : मानसाजवळ शिकार नाही, पलीकडे ज्याचं त्याचं नशीब. किंवा सरळ कबूल करा की मित्र एकमेकांना खातात आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. रोज दुपारी शीत-कढीबरोबर मासा खाणाऱ्या मुलांना खाण्याचा धक्का बसत नाही. दुसऱ्या प्रकरणातला नियम नवव्यात मोडला की मात्र ती लगेच पकडतात.

पाचवी पायरी : फुकटची ताकद काढून घ्या

खलनायक फार बलवान असेल तर तो हरणार कसा, आणि शेवटी मूर्खासारखा हरला तर आधी भीती कशाची वाटली? त्याला एकच गोष्ट नीट करता येऊ द्या. डेंगेआजी पोखरते, बास. विकट हास्य आणि बेत समजावून सांगणारं लांब भाषण कापा. ते तुमच्यासाठी असतं, त्याच्यासाठी नव्हे.

खोटं मात्र त्याला बोलू द्या. लांडगा कोकराला म्हणतो, तू माझं पाणी गढूळ केलंस. कोकरू दाखवून देतं की पाणी तुझ्याकडून माझ्याकडे वाहतंय. इथे भोक लांडग्याच्या सबबीत आहे, आणि ते कोकराला दिसतं. गोष्टीतल्या कुणाला तरी दिसलेलं भोक गोष्टीचं नुकसान करत नाही.

सहावी पायरी : वाचून दाखवा आणि गप्प बसा

मोठ्यांना दाखवू नका, ते "छान आहे" म्हणतात. सात ते अकरा वर्षांची चार-पाच मुलं पुरेत. कुणी "पण" म्हणालं की त्या जागी समासात खूण करा, बचाव करू नका. मुलं उठून पाणी प्यायला गेली तर तिथेही खूण करा, ती जागा बहुधा तुमच्या आवडत्या वर्णनाची असते.

नवा खर्डा घेऊन मी पुन्हा त्याच गावात गेलो. बेबोने पौर्णिमेच्या आदल्या रात्री सगळ्यांना जमवलं, बिळं चिखलाने बुजवली, बांध वाचला. मानसवाल्याचा मुलगा भरतीच्या वेळा मनातल्या मनात मोजत होता, त्याने मान हलवली. त्याची शेजारीण मात्र गप्पच होती. सगळे उठल्यावर तिने विचारलं, "पण जाळं तर तिथंच आहे ना? आजीच्या बाकीच्या नातवंडांचं काय?"

मी समासात खूण केली. सध्या पुन्हा पहिल्या पायरीवर आहे.